भाकरी वाढली, मुन्शीजी

मुन्शीजी, काल मंगळवार होता. बाजार भरला होता. पुसेगावचे पाटील शेषराव दमणीचे बैल सोडून दुपारी गंगाबाईच्या खानावळीत आले, दवाखान्यातून नारायण कंपाउंडर आला, शाळेची मधली घंटा झाल्यावर मीही पोचलो. तिघं जेवायला बसलो. गंगाबाईनं वाढलं, आम्ही खाल्लं, हात धुतले. पडवीतली तुमची जागा रिकामी होती आणि दारातून येणारं ऊन सरळ आमच्या ताटांवर पडत होतं. इतकी वर्षं ते तुमच्या पाठीवर पडत होतं, हे काल लक्षात आलं.

तुम्हांला जाऊन आज नऊ दिवस झाले. तुमच्याविषयी दोन शब्द बोला असं मला कुणी सांगितलं नाही. सध्याच्या दिवसांत तुमच्याविषयी बोलायला सभा कोण भरवणार? म्हणून हे कागदावर लिहितो आहे. शिवाय तुम्हांला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती आधी सांगून मोकळं व्हावं, पण माझा स्वभाव तुम्ही जाणता. अवघड गोष्टीभोवती मी चार प्रदक्षिणा घातल्याशिवाय राहत नाही.

सदतीस साली तुम्ही हैदराबादहून बदलून आलात. मुन्सफ कोर्टाचे पेशकार, मुन्सफापुढं कागद मांडणारे. शेरवानी, लाल टोपी, आणि हिंगोलीच्या धुळीत दोन दिवसही न टिकणारे चकचकीत बूट. कुटुंब मागाहून येणार होतं, अजून तिकडेच होतं. दुपारच्या जेवणाची पंचाईत. स्टेशनजवळच्या अब्बासभाईंच्या हॉटेलात तुम्ही चहात पाव बुडवून दिवस काढत होता, तिथून नारायणनं तुम्हांला उचलून आणलं. नारायणला माणसं गोळा करायची खोड आहे. दवाखान्यात पडसं दाखवायला आलेला माणूसही त्याच्याशी दोस्ती करूनच बाहेर पडतो.

आमचं मंगळवारचं जेवण त्याआधीही चालू होतं. कधी गंगाबाईकडे, कधी पेठेतल्या मारवाड्याच्या बाशात, जिथं बसल्या बसल्या पोळीवर तुपाची धार पडायची. घरी जेवायला नव्हतं असं नाही. माझी बायको अजून विचारते, घरच्या जेवणात काय कमी होतं म्हणून. कमी काहीच नव्हतं. घरी मी बोललेलं सगळे ऐकून घेतात, एवढीच अडचण होती. मंगळवारी मला खोडून काढणारी माणसं भेटायची.

तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हा गंगाबाईनं मला मागच्या बाजूला बोलावून घेतलं. बाई वाण्याची, सोवळं कडक. म्हणाली, "मास्तर, मानूस भला दिसून राहिला, पर आत न्हाई जमायचं. पडवीत बसू द्या." हे तुम्हांला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी बाहेर येऊन हवापाण्यापासून सुरुवात केली. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच तुम्ही बूट काढले, पडवीत भिंतीला टेकून आमच्याकडे तोंड करून बसलात आणि म्हणालात, "यहाँ हवा अच्छी है." पुढच्या मंगळवारी तुम्ही येताना कापडात बांधून स्वतःचं ताट आणलंत. कल्हई केलेलं, काठावर वेलबुट्टी असलेलं. जेवून झालं की ते स्वतः विसळून पुन्हा बांधायचात. मग आमचीही बसायची जागा ठरून गेली. आम्ही तिघं उंबऱ्याच्या आत, तुम्ही बाहेर. मधे सागवानी उंबरा.

खरं सांगतो, मला तेव्हा फार समाधान वाटलं होतं. वाटलं, कुणाचंही मन न दुखवता किती छान तोडगा निघाला. कुणाचंही म्हणताना मी तुम्हांला धरलंच नव्हतं.

तुम्ही जेवायचात ते मी बघत राहायचो. आम्ही तिघं भुकेनं जेवायचो. तुम्ही जेवायला बसलात की भुकेचं काम जरा मागं पडायचं. गरम भाकरी ताटात आली की आधी तिच्या टम्म फुगलेल्या पापुद्र्याला बोटानं भोक पाडून वाफ बाहेर जाऊ द्यायची, ती जाईपर्यंत तिच्याकडे नुसतं बघायचं. एकदा गंगाबाईची बहीण आली होती आणि चुलीपाशी तीच बसली होती. आम्हांला पत्ताही नव्हता. तुम्ही भाकरी हातात घेतलीत, फिरवलीत आणि आतल्या बाजूला बघून विचारलंत, "आज दस्तखत बदललंय का?" गंगाबाई पदर तोंडाला लावून बाहेर आली. तिचा तळवा भाकरी थापताना करंगळीकडे जास्त दाबतो, त्यामुळे एक कड पातळ येते, हे इतकी वर्षं तिथं जेवून आम्हांला कळलं नव्हतं. तुम्ही दोन महिन्यांत पडवीतून ओळखलंत. जन्मभर दुसऱ्यांची हस्ताक्षरं वाचलेला माणूस भाकरी पण वाचतो, असं शेषराव म्हणाले आणि त्या दिवसापासून ते जरा दबून जेवायला लागले.

अंबाडीच्या भाजीवरून झालेलं भांडण आठवतं? तुम्ही म्हणालात ही तर आमच्या हैदराबादची, आमचा अंबाडा. शेषराव म्हणाले, "अंबाडी काय रेल्वेनं आली का? आमच्या धुऱ्यावर आपोआप उगवती." महिनाभर चाललं ते. शेवटी तुम्ही सुट्टीवरून येताना हैदराबादहून वाळवलेला अंबाडा फडक्यात बांधून आणलात आणि शेषरावांनी पुसेगावची ओली जुडी आणली. गंगाबाईनं दोन्ही एकाच पातेल्यात शिजवून आमच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, सांगा आता कोन्ती कुनाची. कुणालाही सांगता आलं नाही. तुम्हांला आलं असतं, पण तुम्ही गप्प बसलात.

आता त्या शब्दाकडे येतो. तुमच्या माझ्या सगळ्या भांडणांचं मूळ तो शब्द.

तुम्हांला येऊन दीडेक महिना झाला असेल. मराठीतला पहिला शब्द तुम्ही खानावळीतच शिकला होता, 'वाढा'. वाढा म्हटलं की ताटात पडतं, हे तुम्हांला पक्कं झालं होतं. त्या मंगळवारी गिऱ्हाईक फार झालं. आमचं जेवण अर्ध्यावर असताना गंगाबाई रिकामी दुरडी घेऊन दारात आली आणि हळूच म्हणाली, "भाकरी वाढली." आम्ही तिघांनी ताटावरून हात फिरवून घेतला. आमच्याकडे संपली म्हणायची रीत नाही. घरातलं मीठ वाढतं, दिवा वाढवतात, बाईची बांगडी वाढते, दुकान संध्याकाळी वाढवतात. पण हे तुम्हांला कोण सांगणार? तुम्ही 'वाढली' ऐकलंत, चेहरा उजळला, आणि दोन्ही हातांनी ताट पुढं केलंत.

गंगाबाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग आत गेली आणि एक भाकरी घेऊन आली. उंबऱ्यावरून वाकून तुमच्या ताटात घातली. ती तिची स्वतःची होती. ती दुपारी सगळ्यांच्या मागून जेवायची आणि स्वतःसाठी एकच बाजूला ठेवायची. आम्हांला हे माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि तुम्ही ती भाकरी मोडून खाल्लीत, चवीनं.

मी ही गंमत महिनाभर पोटात ठेवली. मग एकदा कोर्टाच्या ओट्यावर तुम्हांला मराठीचे शब्द समजावताना हसत हसत सांगून टाकली. तुमचा चेहरा असा उतरला की मी हसायचं थांबलो. मग म्हणालात, "चराग़ बढ़ाना हमारे यहाँ भी है, मास्तर. दस्तरख़्वान भी बढ़ाते हैं. मला कळायला पाहिजे होतं." आपली चूक अनोळखी भाषेवर ढकलून मोकळं होणं किती सोपं होतं. तुम्ही ती आपल्याच भाषेच्या हिशेबानं स्वतःच्या पदरात घेतलीत.

त्या दिवसानंतर तुम्ही गंगाबाईकडे कधी पोटभर जेवलात का, याची मला शंका आहे. दुरडीत तीन भाकरी उरल्या की तुमचा हात थांबायचा. ती आग्रह करायची, तुम्ही छातीवर हात ठेवून नको म्हणायचात. ती आत गेली की हळूच म्हणायचात, "अभी बाई का खाना बाक़ी है." अकरा वर्षं. मी मनात हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला, कारण त्याच अकरा वर्षांत मी एकदाही त्या दुरडीत डोकावलो नव्हतो.

आपलं भांडण मात्र त्या शब्दावरून पेटलं ते विझलंच नाही. मी म्हणायचो, यात कौतुक करण्यासारखं काही नाही, हा भित्रेपणा आहे. संपलं म्हटलं की खरोखर संपेल, अशी भीती माणसाला वाटते, म्हणून तो उलटा शब्द वापरतो. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना असंच शिकवत आलो. तुम्ही मान हलवायचात. तुमचं म्हणणं, भीती असती तर माणूस गप्पच बसला असता. तो बोलतो, आणि समोरच्याला रिकामी दुरडी दिसू नये असं बोलतो. "ये डर नहीं है मास्तर, ये अदब है." मग तुम्ही तुमच्या खिशातल्या वहीत आणखी एक 'वाढलं' टिपून घ्यायचात. नारळ वाढवला. मंगळसूत्र वाढलं. तुमच्या उर्दू अक्षरांत आमची घरं, आमच्या बायकांच्या बांगड्या. आश्चर्य करत राहायचात तुम्ही. ज्या शब्दावरून मी रोज चालत गेलो तो तुम्ही वाकून उचललात आणि उन्हात धरून बघितलात. त्या वेळी मला तुमचा राग यायचा, मुन्शीजी. माझीच भाषा तुम्ही मला नवी करून दाखवत होता आणि मी मास्तर होतो.

डर की अदब, यावर आपण दहा वर्षं वाद घातला. जेवण झाल्यावर, पान खाताना, बाजारातून परत जाताना. कुणीच हरलं नाही.

मग यंदाचा तो उन्हाळा आणि पावसाळा आला.

गावात बंदुका घेतलेली टोळकी हिंडायला लागली. बाजाराला येणारी बैलगाडी अडवून विचारपूस व्हायची. पुसेगावच्या बाजूची काही पोरं संस्थानाची हद्द ओलांडून वाशीमकडे गेली होती आणि शेषराव त्यांना भाकरी पोचवतात अशी कुजबूज होती. खरं होतं ते. आता सांगायला हरकत नाही. मी शेषरावांना म्हणालो, मंगळवारी येऊ नका. ते म्हणाले, "न्हाई आलो तर जास्त दिसन." ते येत राहिले. तुम्हांला काही माहीत होतं का, हे मी विचारलं नाही आणि तुम्ही बोलला नाहीत. पण तुम्ही पडवीतली तुमची जागा जरा बदललीत. भिंतीकडून सरकून दाराच्या अगदी समोर बसायला लागलात, आत येणाऱ्याला तुमच्या ताटावरून पाय टाकून यावं लागेल असे.

श्रावणातला तो मंगळवार. दुपारचा एक वाजला असेल. पाच जण आले. परगावचे दिसत होते, भाषेवरून तर नक्कीच. पडवीच्या पायरीवर उभं राहून त्यांनी विचारलं, पुसेगावचा पाटील आत आहे का? मी आत होतो, शेषराव माझ्या शेजारी, नारायण पलीकडे. माझ्या हातातला घास हातातच राहिला. तुम्ही शांतपणे भाकरी मोडत होता. म्हणालात, आत जेवणं चालू आहेत, आधी बसा. त्यांना बसायचं नव्हतं. त्यातल्या एकानं तुम्हांला विचारलं, मुसलमान असून इथं काय करता? तुम्ही म्हणालात, जेवतोय.

नेमकी त्याच वेळी गंगाबाई दारात आली. तिला बाहेर कोण आहे हे माहीत नव्हतं. हातात रिकामी दुरडी. आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "भाकरी वाढली."

पुढाऱ्यासारखा जो होता त्यानं तुम्हांला विचारलं, ही काय म्हणाली? तुम्ही त्यांच्याकडे वळला होता, मी आतून तुमची पाठ बघत होतो. एक श्वास तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "कहती हैं, रोटी बढ़ गई. तशरीफ़ रखिए."

सकाळपासून पायपीट केलेली माणसं होती ती. बढ़ गई ऐकल्यावर त्यांचे चेहरे जसे बदलले, तसं मी आधी एकदा बघितलं होतं. दीड महिना हिंगोलीत राहिलेल्या एका पेशकाराच्या तोंडावर. तुम्हांलाही तेच आठवलं असणार, म्हणून तर तुम्हांला ते सुचलं. त्यांनी बंदुका खांबाला टेकवल्या आणि पडवीत बसले. गंगाबाईनं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही स्वतःचं ताट जरा बाजूला सरकवून त्यांना जागा केलीत. ती आत आली, चुलीत काटक्या सारल्या आणि काठवटीत पीठ घेतलं. तिच्या घरातलं शेवटचं पीठ होतं ते. तिनं थापायला सुरुवात केली तेव्हा शेषराव परसातलं कुडाचं कुंपण ओलांडून कयाधू नदीकडे निघून गेले होते.

त्या पाच जणांना तुम्ही अर्धा तास बसवलंत. ठेच्याची तारीफ करायला लावलीत. मग आत जाऊन बघा म्हणालात. त्यांनी बघितलं. आत मी होतो, नारायण होता, आणि तिसऱ्या पाटापुढं उष्टं ताट होतं. ते गेले.

तुम्ही हात धुवायला उठलात आणि तांब्या उचलता येईना. तुमची बोटं थरथरत होती. मी पाणी घातलं. आणि बघा माझा स्वभाव, त्याही घटकेला मी म्हणालो, मुन्शीजी, हीच ती भीती. तुम्ही हसलात. म्हणालात, "हाथ को डर है, मास्तर. लफ़्ज़ को नहीं था." थोड्या वेळानं पुन्हा म्हणालात की तुम्ही खोटं बोलला नाहीत, शब्दाचं बराबर भाषांतर केलंत. कोर्टाच्या माणसाला ते महत्त्वाचं होतं. ज्या पडवीत आम्ही तुम्हांला बाहेर म्हणून बसवलं, तिथंच बसून तुम्ही आम्हांला आत सुखरूप ठेवलंत. हे मी त्याच दिवशी तुम्हांला बोलून दाखवायला पाहिजे होतं. मी व्याकरणावर बोललो.

सप्टेंबरात सगळं उलटं झालं. सैन्य आलं, राज्य गेलं, गावात झेंडे लागले. मी आनंदलो होतो, का खोटं बोलू. शेषराव परत आले, त्यांच्या गळ्यात हार पडले. आणि तुमची नोकरी गेली. तुमच्या गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून निघून गेली. शेषरावांनी जागोजागी जाऊन तुमच्यासाठी साक्ष दिली म्हणून तुम्हांला कुणी पकडलं नाही. तुम्ही हैदराबादला निघून जाल असं आम्हांला वाटलं. पण पुढच्या मंगळवारी तुम्ही कापडात बांधलेलं ताट घेऊन आलात आणि तुमच्या जागी बसलात.

आता ती गोष्ट.

ऑक्टोबरातला दुसरा मंगळवार. शेषराव सेनगावला गेले होते, नारायणला दवाखाना सुटत नव्हता. आत मी एकटा, बाहेर तुम्ही. गावातलेच दोघं आले. एक माझ्याच वर्गात शिकलेला. नव्या टोप्या, नवा आवाज. तुमच्यासमोर उभं राहून त्यानं विचारलं, "हा इथं काहून बसला?" तुम्ही उत्तर दिलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्यावर भार पडू नये म्हणून बघितलं नाहीत, हे मला त्याच क्षणी कळलं. एका शब्दाचं काम होतं. तो मला गुरुजी म्हणायचा. मी नुसतं उठून दारात उभा राहिलो असतो तरी पुरे होतं. मी मान खाली घातली आणि वरणात भाकरी कुस्करत राहिलो. कुस्करलेलीच पुन्हा कुस्करली.

गंगाबाई चुलीपाशून उठली. पिठाचे हात तसेच घेऊन दारात गेली आणि म्हणाली, "माझ्या दारी कोन बसन ते मी ठरवीन. तुमी कोन?" आवाज चढवला नाही तिनं. ते दोघं थोडे रेंगाळले आणि गेले. मग तिनं तुम्हांला म्हटलं, "मुन्शीजी, उठा. आत या. माझ्या चुलीपाशी बसून जेवा." अकरा वर्षांचं सोवळं तिनं एका वाक्यात सोडलं. मी आतून ऐकत होतो. आणि तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "आज नको बाई. आज आत आलो तर भिऊन आलो असं होईल. फिर कभी." तुमचं मराठी त्या दिवशी कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं.

तुम्ही ताट विसळून बांधलंत आणि निघताना मला विचारलंत, सहामाहीची परीक्षा कधी आहे मास्तर? मी तारीख सांगितली.

एवढंच घडलं. तुम्ही ते नंतर कधी काढलं नाहीत. काढलं असतं तर मी भांडलो असतो, कारणं सांगितली असती, दिवसच कसे होते ते सांगितलं असतं. तुम्ही मला तीही संधी दिली नाहीत आणि टोचलंही नाहीत. पुढच्या मंगळवारी तुम्ही आला नाहीत. ताप होता. नारायण औषध देऊन आला, म्हणाला छाती भरली आहे. मी तुमच्या दाराशी दोनदा आलो. घरात बायामाणसं गोशातली, आजारी माणसाला बोलायचा त्रास, अशी सबब मनाशी धरून बाहेरूनच विचारपूस केली आणि परतलो. आतून तुमचा खोकला ऐकू आला. तुम्ही विचारलंत, कोण आहे? मी उत्तर द्यायच्या आत चालायला लागलो होतो.

मुन्शीजी, मला भीती वाटली. त्या दिवशी त्या पोराची, आणि नंतर तुमच्या डोळ्यांची. तुमच्या माझ्या वादात मी दहा वर्षं भीतीची बाजू घेऊन बोलत होतो, ती मला इतकी चांगली का माहीत होती हे आता कळतं. मला माफ करा असं म्हणायचं होतं. ते म्हणायला मी तिसऱ्यांदा निघालो तेव्हा नारायण रस्त्यात भेटला आणि त्यानं सांगितलं.

मातीला मी आलो होतो. मागं उभा होतो. तिसऱ्या दिवशी तुमची ज़ियारत झाली, तुमच्यासाठी दुवा आणि मग जेवण. शेषराव आणि नारायण सकाळीच येऊन आत बसले होते. गंगाबाईही आली, बायकांत गेली. मी उशिरा आलो. आत बैठकीत पांढरं दस्तरख़्वान अंथरलं होतं, माणसं जेवत होती. माझ्याच्यानं उंबरा ओलांडवेना. बाहेर ओट्यावर चपलांच्या शेजारी जागा होती, तिथं भिंतीला टेकून बसलो. कुणीतरी ताट आणून दिलं, ते मांडीवर घेतलं. मला तीच जागा बराबर वाटली. खरं तर थोडं बरंही वाटलं, शिक्षा भोगल्यासारखं.

चिकाच्या पडद्याआड हालचाल झाली. तुमच्या बेगमसाहेबांचा आवाज मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

"कौन है बाहर?"

कुणीतरी म्हणालं, मास्तर आहेत.

"अंदर बुलाओ उनको," त्या म्हणाल्या. "हमारे घर में बाहर बैठ को कोई नहीं खाता."

मी ताट घेऊन उठलो आणि आत गेलो. शेषरावांनी सरकून जागा केली. मी जेवलो, मुन्शीजी. मान वर करवत नव्हती, तरी सगळ्यांच्या मधे बसून जेवलो.